ताईने भाऊजींना सोडलं तेव्हा

माझी मोठी ताई गाडी शिकवते. तिच्या बाजूलाही एक ब्रेक आहे. शिकणाऱ्याने घोळ घातला की ती तो दाबते. मी नववीतून शाळा सोडली तेव्हा आईने बोलणं टाकलं. ताईने तिच्या घरी हॉलमधला सोफा दिला आणि म्हणाली, "झोप इथे. पण काम शोध, लोळत पडायचं नाही." आता मी पार्सलं पोचवते. ताईला कोणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं.

भाऊजी वाईट नव्हते, हे आधीच सांगते. ते आठ वर्षांचे असताना त्यांची आई "आलेच" म्हणून गेली ती गेलीच. ताईचा फोन दहा मिनिटं लागला नाही तरी ते दोन दोन दिवस जेवायचे नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडायचे. म्हणून ताई दर तासाला फोन करायची. समुपदेशक बाईंकडे न्यायची, तर तिथेही तीच बोलायची. बाई म्हणायच्या, "त्यांना सांगू दे." ताई म्हणायची, "मी सांगते ना, मला सगळं माहितीये."

एकदा मी म्हटलं, "नवरा आहे की शिकाऊ? शिकाऊसुद्धा महिन्याभरात स्वतः चालवतो."

"गप्प बस. तुला काय कळतंय त्यातलं?"

"काही नाही. पण तू कित्येक महिन्यांत हसली नाहीस, एवढं दिसतं मला."

मग एका सकाळी ती एका निवृत्त शिक्षिकेला वळण शिकवत होती. भाऊजींचा पाचवा फोन आला. "हो, आहे मी, कुठे जाणारे?" म्हणता म्हणता ताईचा पाय ब्रेकवरून सरकला, आणि गाडी फुटपाथवर चढून एका दुकानाच्या शटरवर आदळली. कोणाला लागलं नाही. शिक्षिकाबाईच ताईला पाणी पाजत बसल्या. "अहो, घाबरायचं मी, आणि थरथरताय तुम्ही."

बारा वर्षांच्या शिकवण्यात हे पहिल्यांदा झालं होतं.

ताईने आधी भाऊजींच्या थोरल्या भावाला बोलावून घेतलं. मग दुपारी घरी येऊन भाऊजींसमोर बसली.

"तुमचं दुखणं खोटं नाही. पण ते माझ्याच्याने बरं होत नाही. चार वर्षं झाली. आता मीच आजारी पडत चाललेय."

"म्हणजे तूपण चाललीस."

"हो. पण तोंडावर सांगून चाललेय. आणि तुम्हाला एकटं टाकून नाही, दादा येतायत."

ते रडले. तीही रडली. पण थांबली नाही. मी पाच मिनिटांत बॅग भरली. भाऊजींच्या मनाला लागेल असं काहीतरी बोलायचं ठरवलं होतं, ते तोंडातून निघालंच नाही. लायसन्सचा फॉर्म भरायला त्यांनीच मला शिकवलं होतं, आणि शाळेवरून कधी एक टोमणा मारला नव्हता. मी वाकून त्यांच्या पाया पडले.

आता ते समुपदेशक बाईंकडे एकटे जातात, स्वतः बोलतात. दादांनी कळवलं. मी विचारलं, "मग परत जायचं का?"

"नाही गं," ताई म्हणाली. "चांगलं होऊ दे त्यांचं. मनापासून."

आम्ही दोघी एका खोलीत राहतो. सोफा नाही, गाद्या घालतो. माणूस आवडत असतानाही त्याला सोडता येतं, आणि सोडताना त्याचा अपमान करावा लागत नाही, हे मला शाळेत कोणी शिकवलं नसतं. ते ताईने शिकवलं. रविवारी ती नऊपर्यंत झोपली होती. मी हळूच दार लावून कामाला गेले.