सुतळीनं बांधलेली बातमी

नाना गेल्याचं मला धुळ्याच्या एसटी स्टँडवर कळलं, तेही दुसऱ्याच्या पेपरातून. सहा ओळी होत्या, त्यात ‘निर्भीड संपादक’ असे शब्द. मी पेपर घडी करून बाकावर ठेवला आणि उरलेला चहा प्यायले. महिना झाला, अजून रडू आलेलं नाही...

जळगावात पिंप्राळ्याला नानांचा छापखाना होता. तिथून ‘चौफुली’ हे चार पानी साप्ताहिक निघायचं. मी भडगावची. आमच्या घरात पुस्तकांआधी पत्रकं आली. वडील सभेहून आणायचे, त्यांवरच मी अक्षरं शिकले. छापलेलं ते खरं, इतका साधा विश्वास होता. नानांकडे काम मागायला गेले, तर त्यांनी आधी अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायला बसवलं. शब्द बोटांना जड लागला की माणूस खोटं कमी लिहितो, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा एक नियम होता. ज्याची बातमी, त्याला छापण्याआधी ती वाचून दाखवायची आणि प्रूफाखाली त्याची सही घ्यायची. सही येत नसेल तर अंगठा, छापखान्याच्याच शाईचा. मेहरूणच्या एका पुढाऱ्याविरुद्ध छापलं तेव्हा काचा फुटल्या. नानांनी खिडक्यांना पुठ्ठे लावून पुढचा अंक काढला. अशा माणसावर जीव जडणारच.

सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात तेंदूपत्त्याच्या ठेकेदारानं शाळेची खोली पानांच्या पुड्यांनी भरून टाकली होती. मुलं बाहेर चिंचेखाली बसायची, गुरुजी गप्प. मी बातमी लिहिली, जुळवली आणि प्रूफ व शाईची डबी घेऊन गावात गेले. सात बायांनी अंगठे दिले. त्यांतली सगळ्यांत म्हातारी गेंदाअक्का सगळी बातमी ऐकून म्हणाली, “बठ्ठं खरं शे. मंग कसाले भ्यावानं?” आणि शाईचं बोट माझ्या नाकाला लावून हसली.

अंक आला तेव्हा त्या जागी गुरांच्या बाजाराची जाहिरात होती. नाना चष्मा पुसत म्हणाले, “ठेकेदारालाही वाचायला दिली. त्याच्याबद्दलच आहे ना? नियम सगळ्यांना सारखा, ताई.”

“अंगठ्यांसकट?”

“तेच प्रूफ होतं टेबलावर...”

ठेकेदार थोडं थांबा म्हणाला, आणि नाना थांबले. प्रूफ त्यानं ठेवून घेतलं. पुढच्या हंगामात त्या सात घरांनी तोडून आणलेली पानं कुणीच विकत घेतली नाहीत. मी गावात गेले तेव्हा गेंदाअक्कानं पाणी दिलं, पण बस म्हणाली नाही. “तुना कागद त्याना हातमा व्हता, बाई,” एवढंच बोलली. त्यानंतर नाना असेपर्यंत मी छापखान्याची पायरी चढले नाही. धुळ्याला आले.

गेल्या आठवड्यात नानांच्या सुनेनं निरोप धाडला. छापखाना मोडीत निघतोय, तुमचं काही असेल तर घेऊन जा. मी गेले. मागच्या फळीवर, धुळीत, सुतळीनं आवळून बांधलेली खिळ्यांची एक जुळणी होती. खिळे जुळवायची सवय हाताला उरली नसली, तरी ते उलटे वाचायची डोळ्यांना असते. पहिली ओळ माझीच होती. आमच्याकडे खिळे इतके कमी की अंक निघाला की लगेच जुळणी सोडून ते खणांत टाकावे लागत. ‘क’ संपला की नाना मला वाक्यच बदलायला लावायचे. ही जुळणी मात्र त्यांनी इतकी वर्षं अडवून ठेवली होती. मोडली असती तर नाना घाबरले म्हणून सोडून दिलं असतं मी. पण बातमी खरी आहे हे त्यांना रोज त्या फळीवर दिसत होतं, आणि ते रोज तिच्यासमोरून जाऊन चहा मागवत होते.

मी सुतळी सोडली नाही. जुळणी तशीच उचलून आणली. ती आता माझ्या टेबलावर आहे.

नियमाप्रमाणे हा लेख आधी नानांना वाचून दाखवायला हवा होता. ते नाहीत, म्हणून परवा गेंदाअक्काकडे गेले. अंगणात बसून सगळा वाचला. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मी शाईची डबी उघडली, तेव्हा तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

म्हणून गावाचं नाव इथं नाही, आणि तिचं नाव गेंदा नाही.