चांदीचं औषध

थोरलीच्या वेळी बाळंतपण घरीच झालं, देवळालीला. तिसऱ्या दिवशी तिचे डोळे पुवानं चिकटले. सुईण म्हणाली, काजळ घाला. घातलं. पुढं सूज उतरली, पण नजर गेली ती गेलीच. म्हणून दुसऱ्या खेपेला मी हट्टच धरला, नगरच्या दवाखान्यात जाणार म्हणजे जाणार. "लई शानी झाली," म्हणत का होईना, सासूबाई सोबत आल्या. थोरलीही आली. चार वर्षांची पोर, माझ्याशिवाय राहीना.

मुलगा झाला. नर्सबाईंनी त्याला पुसलं आणि तपकिरी बाटलीतला एकेक थेंब दोन्ही डोळ्यांत सोडला. सिल्व्हर नायट्रेट. चांदीपासून करतात, जन्मताना डोळ्यांत गेलेले जंतू त्यानं मरतात. उजेडानं ते बिघडतं, म्हणून बाटली गडद.

"चांदी डोळ्यात घालत्यात व्हय?" सासूबाई पुटपुटल्या. त्यांनी काजळाची डबी कनवटीला लावून आणली होती. नर्सबाईंनी ती गोड बोलून काढून घेतली. मला कोण आनंद झाला!

दुसऱ्या दिवशी पोराच्या गालावर काळा ठिपका उमटला. सासूबाई हरखल्या. "बगा, देवानंच तीट लावली!" नर्सबाई हसल्या. ओघळलेलं औषध उजेडात काळं पडलं होतं, आठवडाभरात आपोआप जाणार होतं.

माझं मात्र ठिपक्याकडं लक्षच नव्हतं. त्याच्या पापण्या सुजल्या होत्या. "थोरलीचं असंच झालं होतं!" मी नर्सबाईंवर ओरडलेच.

"औषधानं डोळे चुरचुरतात, बाई. पू नाही ना? मग दोन दिवस धीर धरा."

धीर कसला धरतेय! उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून मी डोळे पुसत होते आणि दर वेळी कापूस न्याहाळत होते. सासूबाई मान लांब करून विचारायच्या, "आला का गं पू?" त्यांचाही आवाज कापत होता.

पू आला नाही. सूज ओसरली आणि एका सकाळी त्यानं टक्क डोळे उघडले. माझं तोंड दिसताच तिथंच खिळले. मी ढसाढसा रडले.

माझं रडणं ऐकून थोरली चाचपडत खाटेपाशी आली.

"आई, त्याला दिसतंय?"

"दिसतंय गं."

तिनं दोन्ही हातांनी आपले केस नीट सारले आणि त्याच्यापुढं तोंड नेलं.