डाव्या हाताचं ताट

झाशीजवळच्या बबीना छावणीतल्या शाळेत बारावी झाले, त्याच वर्षी वडील फौजेतून निवृत्त झाले आणि आम्ही झाशीत, प्रेम नगरात राहायला आलो. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. त्याचे आभार मी कॉलेजचे मानते, वडिलांच्या पेन्शनचे मानते, आणि आमच्या मोहल्ल्यातल्या डब्याच्या पाळीचेही मानते. काही गोष्टी मी तिथेच शिकले.

रुळांपलीकडे एका भटक्या जमातीचा डेरा होता. तिथल्या लोकांच्या जातीवर इंग्रजांनी कायदा करून चोर म्हणून शिक्का मारला होता. तो कायदा कधीच गेला, शिक्का मात्र राहिला. शहरात कुठेही कुलूप तुटलं की पोलीस चौकीची जीप आधी डेऱ्यावर यायची. नेलेल्या माणसाची चौकशी करायला गेलं की उत्तर ठरलेलं असायचं, "यहाँ कोई नहीं है."

मोहल्ल्यातल्या एका निवृत्त मास्तरांनी यावर तोड काढली होती. कोणालाही उचललं की जेवणाच्या वेळी बायकांनी मिळून डबा न्यायचा, त्याला समोर जेवताना बघायचं आणि मगच उठायचं. मास्तर म्हणायचे, "जिसको इतनी औरतों ने खाते देखा, उसको कौन गायब करेगा?" प्रत्येक घराचा वार ठरलेला होता. आमचा मंगळवार.

वडिलांना हे आवडत नसे. "फौजी माणसाच्या घरून चौकीत डबे? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, आमटी झकास होती," आई म्हणायची आणि फोडणी टाकायची.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना, थंडीतल्या एका मंगळवारी, डेऱ्यावरची एक बाई धापा टाकत आमच्या दाराशी आली. तिचा नवरा ई-रिक्षा चालवायचा. मला रोज कॉलेजला तोच सोडायचा, आणि परीक्षेच्या दिवशी माझ्याआधी त्यालाच काळजी, "दीदी, पेन रखा?" सिव्हिल लाइन्समधल्या कुठल्याशा बंगल्यात चोरी झाली होती आणि त्याला सकाळीच उचललं होतं.

"चाची, आज तुमाई बारी है न?" ती म्हणाली. "जेठ को ऐसेई ले गए थे. अंगूठा लगवा लओ, फिर जेल. इनसे भी लगवा लें तो हम तो गए." जेठ म्हणजे तिचा थोरला दीर; कबुलीजबाबावर अंगठा उठवून घेऊन त्याला तुरुंगात टाकलं होतं.

आईने डबा भरायला घेतला तो भरतच राहिली. पोळ्यांची चवड, मोठ्या पातेल्यात आमटी, भात, बटाट्याची भाजी, वर पत्रावळी. सोबत निघालेल्या शेजारणी वैतागल्या.

"चाची, बरात जा रही है क्या? पुलिस को भी खिलाओगी?"

"कोणासमोर एकट्याला वाढू नये," आई मला मराठीत म्हणाली. मग त्यांच्याकडे वळून, "हमारे में ऐसाच है."

"जिसने उठाया उसी को दाल-भात! वाह चाची!"

सगळ्यांच्या मते ही आईची मोठी चूक होती. मलाही तसंच वाटलं.

चौकीत तिथला कारकून, मुन्शी, उन्हाला खुर्ची टाकून बसला होता. "यहाँ कोई नहीं है, अम्मा जी."

"नहीं है तो आएगा. हम बैठती."

आईने व्हरांड्यात ओळीने पत्रावळी मांडल्या आणि वाढायला सुरुवात केली. आमटीचा वास सुटला. दुपार टळत आली होती. आतून दोन शिपाई बाहेर आले. मुन्शीने पातेल्यात डोकावून बघितलं.

"ये दाल में गुड़ डाला है क्या?"

"पहले उसको बिठाओ. पंगत पूरी हुए बिना हमारे में कोई हात नहीं लगाता."

मुन्शी हसला. "अम्मा, डेरेवाले के साथ बैठाओगी हमको?"

"नहीं बैठना तो पत्तल उठाती."

त्या दोघांतल्या तरुण शिपायाने वाढलेल्या पानाकडे बघितलं, मुन्शीकडे बघितलं आणि तो आत गेला. थोड्या वेळाने आमच्या रिक्षावाल्या भैयाला दंडाला धरून घेऊन आला. 'यहाँ कोई नहीं है' तिथेच संपलं.

तो खांद्यावर चादर घेऊन बसला. कोणाकडे बघत नव्हता. डावा हात पुढे करून त्याने पोळीचा तुकडा मोडला.

"अरे!" आई सवयीने ओरडली. मला लहानपणी ओरडायची तशीच. "बाएं हात से खाता है? अन्न आहे ते!"

त्याने हळूच चादर सारली. उजव्या हाताची दोन बोटं काळीनिळी, सुजून एकाला एक चिकटलेली. पळी आईच्या हातातून पातेल्यात पडली.

"अंगूठा लगवाओ का?" त्याच्या बायकोने विचारलं.

"नईं लगाओ," तो म्हणाला. अंगठा त्याने दिला नव्हता.

त्या पंगतीत कोणी जेवलं नाही. आम्ही उठलोही नाही. त्याची बोटं आता सगळ्यांनी बघितली होती. मास्तर वकील घेऊन आले, मी मारहाणीच्या तक्रारीचा अर्ज लिहिला, सगळ्या बायकांनी खाली सह्या केल्या. संध्याकाळी चौकीला त्याला सोडावं लागलं; आम्ही त्याला सरकारी इस्पितळात नेऊन हात दाखवला आणि तिथूनच तो घरी गेला. चौकीच्या फौजदाराची, म्हणजे दरोगाची, बदली झाली, एवढंच. तक्रार अजून तारखा खाते आहे.

हात बरा झाल्यावर आईने नवरा-बायकोला जेवायला बोलावलं. त्याची दोन बोटं वाकेनात. रिक्षाचा दांडा धरता येई, घास नाही. आमच्याकडे चटणी-लिंबू डावीकडे, भाजी उजवीकडे. यात चुकलं म्हणून मी कितीदा बोलणी खाल्ली होती. त्या दिवशी आईने त्याचं ताट उलटं वाढलं. भाजी डावीकडे, चटणी उजवीकडे, त्याच्या हाताला सोपं पडावं म्हणून.

आई आता साताऱ्याला, माझ्या भावाकडे असते. मंगळवार माझ्याकडे आला. चौकीत जायची वेळ हल्ली कमी येते, पण येते. आई फोनवर विचारते, "आमटीत गूळ घातलास ना?"

संक्रांतीला रिक्षावाला भैया सहकुटुंब आमच्याकडे जेवायला आला होता. मी ताटं वाढत होते. मराठी कळणारी पण हिंदीतच बोलणारी माझी मुलगी शेजारी उभी होती.

"मम्मा, इनका उल्टा परोस दिया."

"नाही गं," मी म्हटलं. "काकांचं असंच वाढतात."

तिने पाणी आणलं, आणि त्याचा पेलाही डाव्या हाताशी ठेवला.