झरोक्यातली भाकरी
बुरसलेल्या भाकरीचा वास आला, की मला धारूरजवळच्या एका गावातलं ते कुलूपबंद दार आठवतं. मी त्या गावात घरोघर तब्येतीची चौकशी करत फिरणारी आशाताई होते. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाताना एका लेकानं, भ्रमिष्ट झालेली आई कुठं भरकटू नये म्हणून तिला घरात कोंडलं आणि किल्ली शेजारणीला दिली. "रोज झरोक्यातून भाकरी टाकते की मी! म्हातारी बरी हाय," शेजारीण म्हणाली. मीही रजिस्टरात तेच लिहून निघाले. पुढच्या आठवड्यात झरोक्याखाली तो वास आला. कुलूप काढलं, तर खाली भाकरीवर भाकरी तशीच पडलेली, आणि म्हातारी भिंतीकडं तोंड करून निजलेली. मी हाक मारली. पुन्हा मारली. शेजारीण उंबऱ्यावरूनच मागं सरकली. आता कुणी 'बरी हाय' म्हटलं, की मी आधी किल्ली मागते.