अंगठ्याखालचं चाक

आमच्या दहिवलीत माझ्या बापाची ओळख अजून तीच. "चांगो? तो सायबाला मासे धरून देणारा?" अगदी कौतुकानं विचारतात. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. अरे मेल्यांनो, त्या माशांनी माझ्या बापाचा जन्म खाल्ला, आणि तुम्ही काय कौतुक सांगता!

मी कोंडी, चांगोची एकुलती लेक. आबाला जाऊन आता वर्ष होईल. आय आहे, पण तिला डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून जे सांगते ते हळू सांगते, तिचे कान अजून चांगले तिखट आहेत.

घाटातली रेल्वे नवी होती तेव्हाची गोष्ट. आबा कर्जतला रुळाच्या कामावर लागला. तीन वर्षं काम सोडणार नाही असा कागद होता. लिहिता कुठं येतंय? त्यानं कुणब्याच्या रीतीनं खाली नांगराची निशाणी काढून दिली. सहा दिवस रूळ, रविवार आपला. मध्येच पळालं की चौकीवरचे शिपाई घरी येऊन धरून नेत. आबाला त्याचं काही वाटलं नव्हतं. तीन वर्षं म्हणजे काय, हां हां म्हणता जातील.

त्या कामावरच्या सायबाला माशांचं वेड. एका रविवारी त्यानं आबाला उल्हास नदीच्या उतारावर गळ टाकताना पाहिलं आणि तसंच ओल्या पायांनी बंगल्यावर नेलं. मेजावर दोन चाकं ठेवलेली. गळाच्या काठीच्या बुडाला बांधायची, दोरा गुंडाळायची. एक पितळी, झगझगीत. दुसरं लाकडी, तळहाताएवढं, कडेला नुसती पितळेची पट्टी. दोन्ही विलायतेची. सायब म्हणाला, "चांगो, कौनसा अच्छा?"

आता तिथं गप्प बसायचं की नाही? म्हणायचं, सायब, मला काय कळतंय? पण नाही! आबाला बैलगाडीच्या चाकांची पारख होती आणि त्याचा त्याला तोरा होता. त्यानं दोन्ही चाकं उचलली, एकेक करून बोटानं फिरवली, कानाशी धरली. पितळी चाक करकरलं आणि थांबलं. लाकडी फिरत राहिलं. आबा म्हणायचा, "पान लावून तोंडात घालेस्तोवर फिरतच होतं गं, आवाज म्हणून नाय."

आबानं लाकडी चाक पुढं केलं. वर सायबाला शहाणपणही सांगितलं. पितळी अडखळत दोरा सोडतंय, पाण्यावर तरंगणारं पीस हिसके खात जाईल, मासा बिचकेल. लाकडाला तेवढं पावसाळी हवेत जपा, नाहीतर फुगून बसेल. आसाला तिळाचं तेल सोडा, फार नको, एक थेंब. सायब बघतच राहिला. त्या दिवसापासून आबाचा रविवार गेला तो गेलाच.

ते चाक वापरायचं कसब सगळं अंगठ्यात. मोराच्या पिसाचा दांडा पाण्यावर उभा तरंगायचा, त्याच्याखाली गळ, गळाला पिकलं उंबर. नदी जशी ओढेल तसा दोरा सुटत राहायचा. चाकाच्या कडेवर अंगठा नुसता टेकलेला. जोरात टेकला तर पीस अडतं, उचलला तर चाक सुसाट सुटतं आणि दोऱ्याचा गुंता होतो. किंचित धरून सोडायचं, म्हणजे उंबर पुढं आणि पीस मागं चालतं. मग मासा आधी उंबर बघतो, दोरा नाही. आबाचं पीस पसरल्या हातांनी मोजलं तर साठ-साठ वाव खाली जायचं, पाण्यात पान वाहत जावं तसं. सायबाच्या अंगठ्याला ते जन्मात जमलं नाही. तो झाडाखाली बसून चिरूट ओढायचा, आणि मासा लागला की काठी आपल्या हातात घ्यायचा.

त्याच साली माझा जन्म. माझ्याआधी आयची दोन मुलं गेली होती. आमच्या वरच्या अंगाला जाखमातेचा डोह आहे, दोन्ही काठांना उंबरं. त्या उंबरांच्या आत कुणी पाऊल टाकायचं नाही, जाळं टाकायचं नाही, अशी रीत. डोहात देवीची मासळी. त्यातली एक सगळ्यांत थोरली, माणसाच्या मांडीएवढी. कुणा जुन्या गुरवानं तिच्या ओठात चांदीची कडी घातलेली. तिला सगळे नथवाली म्हणायचे. पोटुशी असताना आय दर सोमवारी काठावरून लाह्या टाकायची. नवस बोलली होती, "हे मूल जगू दे, नथवाले. जोवर हात चालतोय तोवर तुला लाह्या घालीन."

आषाढात ती खालापूरच्या पलीकडं माहेरी गेली. श्रावणात मी झाले. जगले.

आमच्यात तान्हं मूल माहेराहून दुसऱ्या कुणाच्या हाती धाडत नाहीत. बापानं स्वतः यायचं, मूल उचलायचं, मग बायको मागून निघायची. जायला एक दिवस, तान्हं घेऊन यायला एक. आबाकडं दोन दिवस होते कुठं? सहा दिवस सायबाचे रूळ, सातव्या दिवशी सायबाचे मासे. रजा मागितली की सायब म्हणायचा, "पाणी अभी अच्छा है, चांगो." दसरा गेला, दिवाळी गेली, संक्रांत गेली. आबानं माझं तोंड पाहिलं नव्हतं.

माघात माझा मामा भिवाजी दहिवलीला आला. ओसरीवर बसला नाही, पाणी घेतलं नाही.

"सायबाचे मासे धराया तुला रविवार गावतो," मामा म्हणाला, "आन् बायको-पोर आणाया गावत नाय?"

"भिवाजी, मला सोडतच नाय तो."

"मासे धरणाऱ्याला कोन बांधून ठेवतो रं? आमी काय खुळे हाव? होळी पेटायच्या आत ये. नाय आलास तर काडीमोड करून आमच्या बायजाचा दुसरीकडं पाट लावून देऊ. पोर आमच्याकडं राहील."

मामाचंही काही चुकलं नाही हो. ऐकणाऱ्याला खरं वाटेल असं ते कारण होतं का? मासे धरून दमलेला माणूस, आणि म्हणे मी अडकलोय!

आबा सायबाच्या पाया पडला. सायब हसला. त्याच्या कानावर नथवालीची गोष्ट आलीच होती. तो म्हणाला, डोहात पाऊल टाकायचं नाही, बरोबर. मग टाकू नकोस. वरच्या उतारावर उभा राहा, तुझं पीस खाली जाऊ दे. ती मासळी दे, दुसऱ्या दिवशी चार दिवसांची रजा घे.

होळीच्या अलीकडचा रविवार. गाव सगळं भर दुपारी पाटलाच्या शेतावर होळीचा सोट आणायला गेलेलं. आबा उतारावर गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि त्यानं चाक सोडलं. पीस उंबरांच्या आत गेलं. पाऊल बाहेरच होतं, रीत मोडली नव्हती. असं तो स्वतःला सांगत होता. तिसऱ्या खेपेला पीस बुडालं.

हे सगळं मला ठाऊक कसं? गेल्या भादव्यात आबा अंथरुणाला खिळला होता. आय शेजारणीबरोबर डोहावर गेली होती. तेव्हा त्यानं मला जवळ बसवून सांगितलं. उजवा अंगठा माझ्यापुढं धरला. त्याच्या पेरावर एक आडवी खाच होती. लहानपणी मी विचारलं की म्हणायचा, कोयत्याची हाय.

"दोऱ्यानं कापलं तवा," आबा म्हणाला. "कोंडे, ती अशी धावली, चाक धरवत नव्हतं. सायब हात पुढं करून काठी मागत होता, मी दिली नाय. अंगठा करकचून दाबला असता तर दोरा तुटला असता. उचलला असता तर गुंतून तुटला असता. देवीची मासळी देवीकडं गेली असती, आन् सायबाला कळलंबी नसतं. माझ्याच हातात होतं सगळं."

"मग का नाय तोडलात?"

"तुझं तोंड बघायचं होतं गं मला."

मला राग आला होता, फार आला होता, आणि रडूही.

"सगळ्या जन्मात अंगठा येवढा नीट कवा ठेवला नव्हता," आबा म्हणाला. "जेवढा पायजे तेवढाच. अर्ध्या घटकेत थकली ती. लेकरू झोपल्यावानी आडवी होऊन आली."

सायबानं मासळी ओल्या गोणपाटात घालून बंगल्यावर नेली. ओठातली कडी काढून आबाच्या हातावर ठेवली. "तेरी बेटी को."

दुसऱ्या दिवशी आबा निघाला. होळीला दोन दिवस होते. आजोळच्या दारात त्यानं मला उचललं. सात महिन्यांची मी, त्याच्या मिशा धरून ओढल्या म्हणे. आजी म्हणाली, "बाप पहिल्यांदा भेटतोय, लेकीला काय आणलंय?" रिकाम्या हातानं मूल उचलत नाहीत. आबाच्या कनवटीला दुसरं काहीच नव्हतं. त्यानं कडी काढून दिली, म्हणाला, "सायबानं दिली." खोटं कुठं बोलला? कानात नुसता दोरा होता माझ्या. आयनं हरखून तो काढला आणि ती कडी घातली.

घरी आल्याबरोबर आयनं पहिली गोष्ट काय केली असेल? मला कडेवर घेतलं, लाह्या घेतल्या आणि डोहावर गेली. पाण्यात खळबळ उडाली. बाकीची मासळी होतीच की, आणि बाळंतपणापासून आयला लांबचं धड दिसत नव्हतं. "नथवाली आली का वो?" आयनं विचारलं. आबा म्हणाला, "आली."

ते 'आली' त्याला सदतीस वर्षं पुरलं. सायबानं लावला नसता असा पहारा आयनं लावला. दर सोमवारी ती निघायची आणि आबानं बरोबर असलंच पाहिजे, आणि काठावर तोच प्रश्न. पुढं सायबाची बदली झाली. जाताना तो ते लाकडी चाक आबाला बक्षीस देऊन गेला. आयनं ते खुंटीला टांगलं, येईल त्या पाव्हण्याला दाखवायची. आबा त्या भिंतीकडं पाठ करून जेवायचा. आम्हाला वाटायचं, म्हातारा विक्षिप्त आहे.

सगळं सांगून झाल्यावर आबानं माझ्या कानाला हात लावला. "काढ ती, कोंडे. मी गेलो की डोहात टाक. तेवढं कर."

"टाकीन," मी म्हटलं. मरणाऱ्याला नाही कसं म्हणणार? तिसऱ्या दिवशी तो गेला.

पण आयला आता दिसत नाही. ती माणसं हातानं ओळखते. सकाळी उठली की तिचा हात आधी माझ्या तोंडावरून फिरतो, मग कानावर येतो, कडी चाचपतो आणि तिथंच थांबतो. "हायेस ना गं?" म्हणते. मी कडी काढली तर ती विचारणार, कुठं गेली? आणि का? मला खोटं बोलायला येत नाही, तोंडावर दिसतं म्हणे. पण तिला तोंड कुठं दिसतंय!

आज सोमवार. तिला धरून डोहावर नेलं. तिनं लाह्या टाकल्या, पाणी खळबळलं. माझा कान तिच्या बोटांत होता.

"नथवाली आली का गं, कोंडे?"

"आली, आय," मी म्हटलं.