तार म्हटलं की उठायचं

आमच्या कारखान्यात दोन गोष्टी कुणी मागवत नाही, तरी साठतात. एक कापूस, दुसरे किस्से. मागांच्या शेडमधून नुसतं चालत गेलं तरी केसांत कापूस बसतो. गेटवर झटकावा, रिक्षात झटकावा, आणि तरी घरी आई म्हणतेच, "आज बी म्हातारी होऊन आलीस व्हय गं?" किस्स्यांचंही तसंच. बरेचसे गेटवरच झटकले जातात. काही मात्र घरापर्यंत येतात.

हे गेल्या हिवाळ्यातले आहेत. आम्ही तिघी समुद्राला गेलो होतो, तेव्हाचे.

तिघी म्हणजे सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल-चादरींच्या कारखान्यातल्या तिघी. भाग्या चेकिंगला. तिच्या घरी तेलुगू बोलतात, आजोबांपासून सगळे मागावर. प्रज्ञा डिझाईनला. टॉवेलच्या काठावरची नक्षी ती काढते. आणि मी डिस्पॅचला. माझं मुख्य काम दचकणं. फोन वाजला, दार आपटलं, कुणी मागून "मॅडम" म्हटलं, की मी दचकले! शेडमधली माणसं मला हाक मारायच्या आधी लांबूनच खोकतात.

*

रजेचा किस्सा आधी. मॅनेजरसाहेबांनी अर्ज बघितला आणि चष्मा काढला.

"कारण काय लिहिलंय हे? समुद्र?"

"हो सर. सॅक घेऊन किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचं. एसटीनं. आवडेल तिथं उतरायचं."

"पाणी बघायला पाच दिवस रजा?"

भाग्या म्हणाली, "साहेब, आमच्या गल्लीत नळाला पाणी यायचं असलं की लोक रजाच टाकतात की!"

साहेबांच्याही घरी चार दिवस पाणी आलेलं नव्हतं. त्यांनी मुकाट्यानं सही केली. आमच्या तिघींच्या अर्जांवर कारण एकच आहे: 'घरगुती, पाणी.'

*

प्लॅनिंगची मीटिंग आमच्या घरी झाली. प्रज्ञा आमच्याकडं पहिल्यांदाच येत होती. आई मूळची मंद्रूपची, पाहुणा आला की आधी चहा, मग नाव. पण त्या दिवशी आईनं आधी नाव विचारलं. पूर्ण नाव.

मग चहा आला. मला कपात, भाग्याला कपात, प्रज्ञाला कागदी कपात.

"कप कमी पडले बाई," आई म्हणाली. "फुटतेत सारखे."

प्रज्ञाच्या अगदी समोर आमचं शोकेस आहे. त्यात गुलाबाच्या फुलांचे चार कप उपडे ठेवलेले. सहातले उरलेले दोन माझ्या नि भाग्याच्या हातात होते.

प्रज्ञानं शोकेसकडं नीट बघितलं. "छान आहेत कप, काकू. नवीन का?"

"ते शोचे हायेत," आई म्हणाली.

मी चहात खारी बुडवून बसले होते. ती तुटून कपात पडली, तेव्हा तेवढी दचकले.

*

'तार'चा नियम प्रज्ञानंच काढला. मागावर एक धागा तुटला तरी माग थांबवावा लागतो, नाहीतर ती रेघ पुढं कापडभर पळत राहते. ज्याला दिसेल त्यानं ओरडायचं, "तार!" मालक ओरडले तरी माग बंद, झाडूवाल्या मावशी ओरडल्या तरी माग बंद. आमच्या कारखान्यात कुणाला न विचारता करता येणारं हे एवढं एकच काम आहे.

"तर रोज एकीचा दिवस," प्रज्ञा म्हणाली. "बसमधून जागा आवडली की तिनं 'तार' म्हणायचं. बाकीच्यांनी उठायचं. का, कशाला, विचारायचं नाही."

"आणि उतरल्यावर जागा नाही आवडली तर?" मी विचारलं. मला असले प्रश्न आधीच पडतात.

"तरी तार. कुठंही, कधीही. थांबावंसं वाटलं तरी तार, निघावंसं वाटलं तरी तार. आणि जी शेवटी उठेल तिनं चादर उचलायची."

चादर म्हणजे आमच्याच कारखान्यातली, सेकंडच्या मालातली. लाल, चौकड्यांची, आणि मधोमध एक तुटकी रेघ. कुणीतरी वेळेवर ओरडलं नव्हतं. वजन म्हणाल तर चौथी मैत्रीणच!

*

पहिला दिवस भाग्याचा. रत्नागिरीपासून खाली निघालो. घाटासारख्या वळणावरून बस वळली आणि अचानक सगळी खिडकी निळी झाली. भाग्या सीटवर उभी राहून किंचाळली, "तारऽऽ!"

ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला. कंडक्टर दारातून बाहेर वाकला, "खंय पडली? खंय पडली?" सगळ्या बसनं पाय वर घेतले. एक आजीबाई माशांची टोपली घेऊन थेट सीटवर चढल्या. कुणीतरी म्हणालं, "कशाला हात लावू नका, करंट असेल!"

आणि सगळ्यात उंच पाय कुणाचे होते? जिला नियम पाठ होता तिचे!

चादर मी उचलली, हे सांगायला नकोच.

*

उतरलो तिथल्या पहिल्याच घरी जिन्याखाली उभ्या राहून खोलीसाठी हाक मारली. एक बाई वर गॅलरीत आल्या.

"कुठून आलात?"

"सोलापूर."

त्यांनी माझ्या खांद्यावरच्या चादरीकडं बघितलं आणि दार लावता लावता म्हणाल्या, "आम्हाला नकोत हो! मागच्या महिन्यातच दोन घेतल्या!"

पुढच्या घरी चादर सॅकमागं लपवली, तेव्हा खोली मिळाली. पण बाथरूमच्या दारात पायपुसणं म्हणून जो टॉवेल टाकला होता, तो आमचाच निघाला. मोराच्या पिसांचा काठ. प्रज्ञानं त्या काठासाठी दोन महिने घातले होते. भाग्या हसून हसून पडली. प्रज्ञाही हसली. दुसऱ्या दिवशी पाळी तिची होती, पण आम्ही तिथंच राहिलो, आणि दोन्ही दिवस ती त्या टॉवेलवरून लांब ढांग टाकून बाथरूममध्ये जात होती. आणि मी? मी पाय पुसत होते. पाय ओले होते, काय करणार!

*

तिसऱ्या दिवशी माझी पाळी. मला रात्रभर हीच धास्ती, की चुकीची जागा निवडली तर? चार चांगले किनारे तोंड न उघडल्यामुळं मागं गेले. शेवटी एका वाडीबाहेर सुरूची झाडं दिसली, त्यांच्यामागं पांढरी वाळू, आणि तिच्यावर असलं मऊ ऊन! आमच्याकडं अशा उन्हाला सावली म्हणतात. मी म्हणाले, "तार." इतक्या हळू, की भाग्यानं विचारलं, "शिंकलीस काय?"

घर छान होतं. सारवलेलं अंगण, जास्वंद, खोलीच्या खिडकीतून थेट समुद्र. घरमालकीण काकूही गोड. कोकम सरबत दिलं, माझ्या गालाला हात लावला, "किती घाबरट गो तू पोरी!" म्हणाल्या. मग रजिस्टर पुढं केलं. मी नाव लिहिलं, भाग्यानं लिहिलं, प्रज्ञानं लिहिलं.

काकूंनी चष्मा लावून वाचलं. तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं.

"कांबळे म्हणजे... कुठले?"

"सोलापूरचे," प्रज्ञा म्हणाली.

"हो, पण म्हणजे कोण?"

"म्हणजे मी."

काकूंनी रजिस्टर मिटलं. "अगोबाई, विसरलेच बघा मी. त्या खोलीला पाणीच नाही. मोटर बिघडलीये."

बाथरूममध्ये बादली भरत होती. नळाचा आवाज आम्हा चौघींनाही येत होता. मागं समुद्र होता, तो वेगळाच.

प्रज्ञा म्हणाली, "काकू, आम्ही सोलापूरच्या. पाणी नसलेल्या घरात राहायची सवय आहे आम्हाला."

काकू हसल्या नाहीत. माझ्याकडं वळल्या, मऊ आवाजात म्हणाल्या, "तुम्ही दोघी राहा हो हवं तर. दोघींपुरतं होईल पाणी. हिची सोय मी पलीकडच्या वाडीत करते."

माझा दिवस होता. शब्द दोन अक्षरांचा. माझ्या हातात सरबताचा ग्लास होता आणि मी त्याच्या तळाशी बसलेली साखर बघत होते. ती विरघळली नव्हती. असं मी किती वेळ बघितलं ते मला ठाऊक नाही. वर पाहिलं तेव्हा प्रज्ञा फाटकाबाहेर गेली होती, भाग्या तिच्यामागं धावत होती, आणि पायरीवर चादर तेवढी माझ्यासाठी राहिली होती.

निघताना मी काकूंना "थँक यू" म्हणाले. खरंच म्हणाले.

*

पुढची बस दोन तासांनी होती. आम्ही वाळूत चादर पसरून बसलो. त्या किनाऱ्यासारखा किनारा नंतर कुठं दिसला नाही, हेही खरंच आहे.

प्रज्ञा म्हणाली, "तुझी तार कुठं अडकली होती गं?"

"मी घाबरले."

"ते माहितीय मला. तू कुकरच्या शिट्टीलाही घाबरतेस." तिनं चादरीवरच्या तुटक्या रेघेत बोट घातलं. "पण शिट्टी झाल्यावर गॅस बंद करतेस ना?"

भाग्यानं विषय बदलायला म्हणून सॅकमधून शेंगाचटणी काढली. वाऱ्यानं ती आमच्या तिघींच्या डोळ्यांत गेली. त्यामुळं नंतर कोण कशानं रडत होतं, ते कुणाला ओळखता आलं नाही.

बस आली तेव्हा प्रज्ञा म्हणाली, "चादर मी नेते. धुऊन घरी आणून देईन तुझ्या." मग थांबून म्हणाली, "चहाला येईन. एकदाच. त्या दिवशी तूच म्हण."

काय म्हणायचं ते मी विचारलं नाही. मलाही कळत होतं.

*

परत आल्यावर कारखान्यात सगळ्यांनी घेरलं. समुद्र कसा, मासे कसे, फोटो दाखव. मॅनेजरसाहेबांनी विचारलं, "राहायची सोय नीट झाली ना?"

"झाली की सर," मी म्हणाले. "एके ठिकाणी फक्त पाणी नव्हतं!"

सगळे हसले. साहेब म्हणाले, "म्हणजे सोलापूरच की!" अजून हसले. चांगला जमला होता किस्सा. तोवर मला प्रज्ञा दिसली नव्हती. ती माझ्या मागं उभी होती. नवीन काठाचा नमुना घेऊन आली होती, आणि ती खोकली नव्हती.

"पुढं सांग की," ती म्हणाली. "छान सांगतेस."

*

रविवारी प्रज्ञा आली. भाग्याही आली. प्रज्ञानं चादर धुऊन, इस्त्री केल्यासारखी घडी घालून आणली होती, ती दिवाणावर ठेवली.

मी सकाळपासून तयारी केली होती. शोकेसमधले चार कप काढले, धुतले, ओट्यावर मांडले. ट्रेसुद्धा पुसून ठेवला. आरशासमोर उभी राहून तो शब्दही म्हणून बघितला. आरशात चांगला येत होता.

आई चहा घेऊन आली.

ट्रेमध्ये गुलाबाचे दोन कप होते. आणि एक कागदी.

"गरम हाय, संबाळून धर गं," आई प्रज्ञाला म्हणाली. मायेनंच म्हणाली.

प्रज्ञानं कप घेतला नाही. माझ्याकडं बघितलं. भाग्यानंही बघितलं. मी तोंड उघडलं. माझ्या कपातल्या चहावर साय धरायला लागली. आधी कडेला, मग मधे. ती पूर्ण धरेपर्यंत आम्ही चौघी तशाच होतो.

"तार," प्रज्ञा म्हणाली. ओरडली नाही. साधंच म्हणाली.

मी दचकले.

भाग्या उठली. प्रज्ञा उठून दारात चप्पल घालत होती. मग मी उठले. शेवटी उठले, म्हणून दिवाणावरची चादर उचलली, खांद्यावर घेतली आणि त्यांच्यामागं उंबऱ्यापर्यंत गेले.

आई हातात ट्रे घेऊन बघत राहिली. "अगं, चादर घिऊन तू कुटं निघालीस?" ती म्हणाली. "तुजं घर हितंच हाय की!"