रघू गवसाची डावी काठी

लालबागच्या गवसांच्या खोलीत माणसं दोन आणि तिसरा राग, असं चाळीतले लोक म्हणत. रघू गवसाचा राग सकाळी रघूच्या आधी उठायचा. दूध उतू गेलं की दुधावर, नाही गेलं तर गॅसवर. एकदा गणपतीत आरतीला टाळ्या बेताल पडल्या म्हणून गड्यानं आरती मध्येच थांबवली आणि सगळ्यांना पहिल्यापासून म्हणायला लावलं. गणपती गोरामोरा झाला होता, असं त्याची बायको अंबिका अजून सांगते.

पण हा सगळा राग घरचा आणि चाळीतला. कामावर रघूचं तोंड शिवलेलं.

काम कॅडीचं. ताडदेवच्या बाजूला गोल्फचं मोठं हिरवंगार मैदान असलेला एक जुना क्लब आहे. तिथं साहेबांनी चेंडू मारायचा आणि रघूनं काठ्यांची पिशवी खांद्याला अडकवून मागून चालायचं. चेंडू कुठल्या झुडपात गेला ते ध्यानात ठेवायचं, पुढच्या फटक्याला कुठली काठी ती काढून द्यायची, आणि फटका झाला की काठी परत घ्यायची. चाळीस वर्षं हेच. त्यातली शेवटची सव्वीस एकाच साहेबाच्या मागे, हेरंब लिमयांच्या.

हेरंबसाहेबांचे आजोबा फणसवाडीत दोन खोल्यांत राहून कारकुनी करत गेले. नातू शिकला, कंपनीत एवढा वर चढला की खाली बघायचं तर मान दुखावी. माणूस वाईट नव्हता. दिवाळीला मिठाई द्यायचा, रघूच्या मुलीच्या लग्नाला येऊन जेवून गेला. फक्त एक सवय. चेंडू मारला की डोळे चेंडूवर आणि काठी मागे धरलेली. मागं न बघताच साहेब म्हणायचे, "पुसून ठेव." काठी हवेत तरंगणार नाही, ती धरायला रघू असणारच, याची सव्वीस वर्षांत त्यांना एकदाही शंका आली नाही.

आता रघूच्या हाताची गोष्ट. रघू डावरा. जन्माचा डावरा. पण आई आनंदीबाई मोठी करडी बाई. पोरगं डाव्या हातानं घास उचलायला लागलं की ती लुगड्याची चिंधी घेऊन डावा हात पाठीशी बांधायची. "डाव्या हातानं दिलेलं भूतसुद्धा घेत नाय, मेल्या!" म्हणायची. मास्तरांनी छडीनं उरलेलं काम केलं. रघू उजव्यानं जेवायला, लिहायला, नमस्काराला शिकला. डावा हात गप्प बसला, पण मेला नाही. रे रोडला लाकडांच्या वखारीत मामा कामाला होता. सुट्टीत तिथं पोरं सागाच्या पातळ फळीनं क्रिकेट खेळायची. आई तिथं नाही, मास्तर नाही. रघू तिथं डावा उभा राहायचा. फळी लवायची आणि चेंडू लाकडांच्या थप्प्यांवरून पार पलीकडे. मामा ओरडायचा, "कोण रे तो डावरा? चेंडू आणून दे आधी!"

क्लबात मात्र डावा हात पुन्हा बांधला गेला. सोमवारी साहेबांना सुट्टी, त्या दिवशी कॅडींना खेळायची मुभा. खेळायचं कशानं? साहेबांनी टाकून दिलेल्या काठ्यांनी. गोल्फची काठी उजव्याची वेगळी, डाव्याची वेगळी, तोंडच उलट्या बाजूला असतं. आणि डावऱ्या साहेबाची टाकलेली काठी मिळायला आधी डावरा साहेब असावा लागतो. तो काही रघूच्या नशिबात आला नाही. तेव्हा रघू चाळीस वर्षं उजव्यानं खेळला आणि प्रत्येक चेंडू उजव्या बाजूच्या झाडीत घालवला. पोरं झाडीला 'गवसवाडी' म्हणायला लागली. ज्याच्या शब्दावर साहेबलोक काठ्या विकत घ्यायचे, त्याचाच चेंडू सरळ जात नाही, यावर हसायला सगळे मोकळे.

यंदा रघूची साठी उलटली. साठीला कॅडीनं पिशवी खाली ठेवायची, हा क्लबचा नियम म्हणजे नियम. शेवटची उरली ती कॅडींची वार्षिक मॅच. त्या दिवशी एक जुनी गंमतीची चाल आहे: सगळं उलटं. कॅडी खेळतात आणि साहेब त्यांच्या पिशव्या उचलतात. फोटो निघतात, हसणं होतं, दुपारी बिर्याणी असते. रघूची पिशवी अर्थात हेरंबसाहेब उचलणार होते. शिवाय मेंबरांनी मिळून निरोपाची भेटही ठरवली.

"बोल रघू, काय हवं? घड्याळ? टीव्ही?"

"ड्रायव्हर," रघू म्हणाला.

ड्रायव्हर म्हणजे पहिल्या फटक्याची सगळ्यांत लांब काठी, पुढे अर्ध्या नारळाएवढं डोकं. मॅच सोमवारची, आणि आदल्या रविवारी हेरंबसाहेब रघूला घेऊन परळच्या दुकानात गेले. गिरणीच्या आवारात काचेचा मॉल आहे, तिथं दुसऱ्या मजल्यावर.

दुकानातला पोरगा नील, टाय लावलेला, साहेबांना ओळखून पुढं आला. उजव्या बाजूला काठ्यांची भिंतच होती. साहेबांनी हात पसरला. "घे. कुठलीही."

"साहेब, मला डाव्या हाताची पाहिजे."

साहेब हसले. "डावी कशाला? तू उजवा आहेस."

"मी डावरा आहे."

"कधीपासून?"

रघूच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सव्वीस वर्षं तळ्यातून, वाळूतून, गवतातून काढलेले चेंडू त्यानं डाव्या हातानं साहेबांकडे फेकले होते, आणि साहेबांनी ते झेलले होते. "आईच्या पोटात असल्यापासून," तो म्हणाला.

"अरे, मग बोलायचं नाही का कधी?"

नीलनं गोदामातून दोन काठ्या आणल्या. "अंकल, लेफ्टीमध्ये हे दोनच पीस आहेत. एक ब्लॅक, एक ग्रे." दोन्हींची डोकी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. मागं जाळी लावलेली खोली होती, तिथं एक गृहस्थ मजेत चेंडू मारून बघत होते आणि पडद्यावर आकडे उमटत होते.

"दोन-दोन चेंडू मारून बघतो," रघू म्हणाला.

"सॉरी अंकल. ट्रायलचे पीस राइटीचेच येतात. हे दोन्ही फ्रेश आहेत. प्लास्टिक काढून बॉल मारला की तो पीस विकला, मग चेंज नाही."

आता काय बोलावं? मडकं घ्यायचं तर बाई बोटानं वाजवून घेते. बाजारात बैल घ्यायचा तर दात बघतात, चालवून बघतात, शेपटी पिरगळून बघतात. रघूनंच चाळीस वर्षं साहेबलोकांना बजावलं होतं, मारून बघितल्याशिवाय काठी घेऊ नका. आणि त्याच्या पाळीला डोकं प्लास्टिकात बांधलेलं!

"म्हणजे उजव्याला जाळी आणि डाव्याला जुगार?" रघूचा आवाज चढला.

"अंकल, कंपनीची पॉलिसी आहे. मी काय करणार?"

"अरे रघू, चिडतोस काय?" साहेब मध्ये पडले. "माझी काठी तूच निवडलीस ना, इथंच, न मारता? दोन वर्षं झाली, अजून तिच्यासारखी दुसरी नाही मिळाली मला. तुला कसली ट्रायल लागते!"

हे खरं होतं. रघूची पद्धत होती. काठी जमिनीवर टेकवायची, डोकं कसं बसतं ते बघायचं. मग मूठ धरून हलकेच झुलवायची आणि डोळे मिटायचे. मिटल्या डोळ्यांपुढे चेंडू उडाला आणि चांगला उडाला की ती काठी घ्यायची. आजवर चुकला नव्हता.

त्यानं आधी करडी काठी झुलवली. दांडा मऊ, लवणारा. डोळे मिटले. चेंडू उडाला, पण मध्येच दमला. मग काळी झुलवली. दांडा कडक, पहारीसारखा. डोळे मिटले आणि चेंडू असा सुटला, असा सुटला की मैदानाच्या टोकाची झाडं ओलांडून गेला.

"काळी," रघू म्हणाला.

नील प्लास्टिक सोडायला लागला. साहेबांनी दांड्यावरचं नाव वाचलं आणि टाळीच वाजवली. "वा! अरे, ही तर माझ्याच काठीची जुळी बहीण! तोच दांडा, तोच कडकपणा. फक्त आरशातली."

रघू जागच्या जागी थिजला. त्यानं पुन्हा डोळे मिटले. चेंडू पुन्हा उडाला, झाडांवरून गेला. पण या खेपेला त्यानं चेंडू मारणाऱ्याकडे बघितलं. ते रुंद खांदे, ते वळणारं पोट, पांढरी टोपी. रघू गवस तिथं नव्हताच. पिशवी घेऊन मागं उभा होता.

आपला स्वतःचा खांदा त्याला आठवला. पिशवीच्या पट्ट्यानं चाळीस वर्षं दाबून आता हात कानापर्यंतसुद्धा वर जात नव्हता. त्या खांद्याला कडक दांडा म्हणजे पहारच. जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी काठी घ्यायला आला, आणि घेतली कुणासाठी, तर साहेबासाठी!

"थांब!" रघू असा ओरडला की जाळीतल्या गृहस्थांचा फटका चुकला. "हात लावू नको त्या प्लास्टिकला!"

"काय झालं?" साहेब दचकले.

"साहेब, तुम्ही जरा बाहेर जाऊन उभे राहा."

"मी? का?"

"तुम्ही इथं असलात की माझ्या डोळ्यांपुढं तुमचाच चेंडू उडतोय."

"रघू, तू आवाज कुणावर चढवतोयस?"

"सगळ्यांवर! तुमच्यावर, ह्या टायवाल्यावर, माझ्या मेलेल्या आईवर! आणि सगळ्यांत जास्त माझ्यावर. साहेब, तुमच्या कुठल्या गुडघ्यात पाणी झालं ते मला माहीत. कुठल्या दिवशी तुमची झोप झाली नाही ते तुमच्या मुठीवरनं ओळखलंय मी. आणि मी कुठल्या हाताचा, ते तुम्हाला सव्वीस वर्षांत दिसलं नाही? डोळे फक्त चेंडूवर ठेवायचे, हे मी शिकवलं काय तुम्हाला?"

साहेब खरंच बाहेर गेले आणि लिफ्टजवळ जाऊन उभे राहिले, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखे.

रघूनं करडी काठी पुन्हा उचलली. डोळे मिटले नाहीत. नुसता दांडा झुलवला, आणि हाताला रे रोडची सागाची फळी आठवली. ती अशीच लवायची. डाव्या मनगटात काहीतरी जागं झालं, बांधून ठेवलेलं जनावर दावं सुटल्यावर अंग झटकतं तसं.

"ही."

"अंकल, शुअर? नंतर एक्सचेंज नाही."

"चाळीस वर्षं दुसराच हात वापरला. आता काय एक्सचेंज करतोस? बांध."

घरी अंबिकेनं काठी उभी-आडवी बघितली. "मारून बघितल्यात?"

"नाय."

"मगे घेतल्यात कशी?"

"रागान."

"रागान घेतलेली वस्तू टिकता," ती म्हणाली. "माझ्याकडेच बघा."

सोमवार उजाडला. पहिल्या फटक्याच्या जागी सगळे कॅडी जमले. हेरंबसाहेब रघूची पिशवी खांद्याला लावून उभे होते. पट्टा काचत होता, ते सारखे खांदा बदलत होते. कालचं कुणी काही काढलं नाही. रघू चेंडूच्या पलीकडच्या अंगाला जाऊन उभा राहिला आणि हशा पिकला.

"रघूकाका, उलटे उभे राहिलात!" मयूर नावाचा कॅडी ओरडला. "चेंडू घरी पाठवताय काय?"

"गवसवाडीला कळवा रे, आज सुट्टी!" दुसरा कुणी तरी.

रघूचा जबडा आवळला होता. या काठीनं त्यानं एकही चेंडू मारला नव्हता. इतकी वर्षं चाळीच्या गच्चीवर छत्री डावी धरून फिरवली होती, तेवढीच काय ती शिदोरी. चेंडू झाडीत गेला तर लोक मरेपर्यंत सांगणार, गवस शेवटच्या दिवशी उलटा उभा राहिला आणि उलटा पडला. त्यानं काठी मागं नेली. खांदा जेवढा वर जातो तेवढाच नेला. आणि सोडली.

टण्णकन आवाज झाला. चेंडू फार लांब गेला नाही, साहेबांचा जातो त्याच्या बराच अलीकडे पडला. पण गेला तो सुतात. मैदानाच्या ऐन मध्यावर, हिरव्या गवतावर जाऊन बसला, जणू कुणी चालत जाऊन ठेवला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मयूर नाचायलाच लागला. "काका! सरळ! एकदम सरळ!"

सगळ्यांना वाटलं, आता तरी म्हातारा हसेल. रघूचे डोळे लाल झाले होते. एका फटक्यात, न बघता घेतलेल्या काठीनं, थकलेल्या खांद्यानं चेंडू एवढा सरळ जातो. मग पंचविशीतला खांदा आणि हीच काठी असती तर? ती चाळीस वर्षं कुणी कुठल्या झाडीत घातली?

"टाळ्या कसल्या वाजवताय, मेल्यांनो!" तो खेकसला.

टाळ्या थांबल्या. रघूची नजर दूर, त्या पांढऱ्या ठिपक्यावर होती. ती तिथून न काढता त्यानं डाव्या हातानं काठी मागं धरली.

"पुसून ठेवा," तो म्हणाला आणि चालायला लागला.

हेरंबसाहेबांनी काठी धरली. खिशातला रुमाल काढला आणि तिचं डोकं नीट, सगळ्या बाजूंनी पुसलं. मग खांदा बदलून, पिशवी सावरत, ते रघूच्या मागं भराभर निघाले.